मध्य रेल्वेच्या वाघिणी मागवल्या, ३२,१३० रुपये गेले

लाज वाटतेय लिहायला, पण आणखी कुणी पैसे पाठवायच्या आत लिहिणं भाग आहे. एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाच्या मॉडेलमध्ये, आपल्या मालगाडीच्या वाघिणी हुबेहूब करून देतो म्हणणाऱ्या एकाने माझे ३२,१३० रुपये खाल्ले.

मी भुसावळचा. दीपनगरच्या वीज केंद्राला कोळसा नेणारे बॉक्सएनचे (वरून उघड्या वाघिणींचे) रेक, म्हणजे अख्ख्या गाड्या, बघत लहानाचा मोठा झालो, माझ्या घरच्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर तोच रेक हवा होता आणि अचूक हवा होता. अमेरिकन डब्याला तपकिरी रंग फासून माझं मन भरत नाही, आणि हात थरथरतो म्हणून आता स्टायरीन (मॉडेलसाठीचं प्लॅस्टिक) कापणं जमत नाही. हे आधीच सांगतोय, कारण "स्वतःच का नाही केलंस" हे ऐकून ऐकून कंटाळलोय.

पहिली वाघीण ३,८५० ला घेतली, ती उत्तम होती. बाजूचे दरवाजे, बिजागऱ्या, खालची कॅसनब बोगी (चाकांचा सांगाडा), सगळं जागच्या जागी. व्हर्नियर लावला तर कपलरपासून कपलरपर्यंत १२३ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या वाघिणीच्या १०,७१३ मिलिमीटरचा बरोबर सत्त्याऐंशीवा भाग. पहिला माल चोख देऊन गिऱ्हाईक कसं बांधतात ते तुम्हाला माहीतच आहे, मलाही माहीत होतं. मग ३,४०० ने बारा वाघिणींची ४०,८०० ची ऑर्डर, त्याचा ॲडव्हान्स २४,४८०. एवढा ॲडव्हान्स कुणालाच देऊ नका, दोन-दोन वाघिणी घ्या आणि हातात आल्यावरच पैसे द्या.

मग त्याने "तयार होतायत" म्हणून फोटो पाठवला. वाघिणीचा नंबर ११ आकडी, तिसरा-चौथा आकडा मालक रेल्वेचा. मी मध्य रेल्वे सांगितलेली, म्हणजे ०१. फोटोत ०७ होतं, म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वे, वर तिचंच एसई पण लिहिलेलं. मी विचारलं. तो म्हणाला, "काका, ते सॅम्पल डेकल (नंबरांचे स्टिकर) आहेत, तुमचे प्रिंटिंगला गेलेत." आणि मी ठीक आहे म्हटलं! अरे, त्या नंबरवर कोळशाची धूळ होती!! आधी डेकल, मग त्यावर मॅट कोट, मग वेदरिंग, म्हणजे धूळ-गंज रंगवून जुनं दाखवणं, हे मी दहा पोरांना शिकवलंय. वेदरिंग झालेल्या वाघिणीवर सॅम्पल डेकल असूच शकत नाही, ती दुसऱ्याच कुणाचीतरी पूर्ण झालेली वाघीण होती. त्या आठवड्यात आईचं ऑपरेशन होतं, रात्री साडेअकराला दवाखान्याच्या बाकावर बसून फोन बघत होतो, तरीपण हे मला दिसायला हवं होतं. दिसलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चाकांसाठी म्हणून ६,५०० पाठवले, नंतर कुरिअरचे १,१५०.

पार्सल आलं. उघडतानाचा व्हिडिओ काढला नाही, तुम्ही काढा. आत तीन स्वस्तातले अमेरिकन गोंडोला, म्हणजे तिकडच्या उघड्या वाघिणींची मॉडेलं. लांबी १४० मिलिमीटर, चाकं ९.६ ची, बॉक्सएनला ११.५ लागतात. दरवाजे मार्करने काढलेले, बोट फिरवलं तर काळं बोटाला लागलं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात तीन चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा सांगितलं की पार्सल मिळालंय ना मग हा सिव्हिल मॅटर आहे, तिसऱ्यांदा एकजण सगळ्यांसमोर म्हणाला "काका, खेळण्यातल्या गाडीला बत्तीस हजार?" आणि दोघे हसले. खेळणं असो नाहीतर सोनं, पैसे माझ्या पगारातले होते, चोरी ती चोरी, तुम्ही किंमत ठरवणारे कोण? अर्जावर पोच मागितली तर "नंतर या". पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका, मी हललो.

बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. आणि त्या माणसाचं अकाउंट कालपर्यंत चालू होतं, नव्या ऑर्डरी घेतोय, खाली फोटो तोच, धूळ बसलेला, ०७ वाला.