नियम की विनियम? मथळ्यावर काय छापाल

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाची नियमांची जुनी चोपडी नव्याने छापायची ठरली आणि पहिल्याच बैठकीत मथळ्यावर गाडी अडली. तरुण मंडळींना ‘विनियम’ हवा होता, कारण तो भारदस्त वाटतो. बापूकाका म्हणाले, “नियम म्हणा की सरळ!”

काकांचं बरोबर होतं. विनियम हा काही नियमाचा थोरला भाऊ नव्हे. संसद किंवा विधानमंडळ करतं तो अधिनियम. त्याखाली सरकार करतं ते नियम, आणि त्या कायद्याने उभी राहिलेली संस्था करते ते बहुधा विनियम. विद्यापीठ अनुदान आयोगाचा १९५६ चा अधिनियम पाहा: कलम २५ नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं, कलम २६ विनियम करण्याचा अधिकार आयोगाला. शिवाय हे विनियम त्या नियमांशी सुसंगत असावे लागतात. म्हणजे उलट नियमच वरचढ! भजन आणि गणपती करणाऱ्या मंडळाने विनियम कशाच्या जोरावर काढायचे?

गृहनिर्माण सोसायटी असेल तर मात्र ‘उपविधी’ घ्या. सहकारात तोच रुळलेला शब्द आहे. बडोद्यात गुजराती कागदांवर ‘पेटा नियम’ दिसतं, म्हणून आपली माणसं झटकन ‘पोटनियम’ लिहितात. बोलण्यात चालेल, पण कायद्याच्या मराठीत नियम ७ च्या आतला (२) हा पोटनियम असतो. अख्ख्या पुस्तिकेलाही तेच नाव दिलंत, तर ‘पोटनियम २ पाहा’ म्हणजे नेमकं काय पाहायचं?

एका आजोबांनी ‘निबंध’ सुचवला, तेव्हा पोरं हसली. हसण्यासारखं काही नव्हतं. सयाजीरावांच्या संस्थानात कायद्याला निबंधच म्हणत. बालविवाहाला आळा घालणारा १९०४ चा कायदाही निबंधच. आज मात्र ‘निबंध’ म्हटलं की पावसाळ्यातला एक दिवस आठवतो, त्याला काय करणार.

आम्ही शेवटी ‘नियमावली’ घेतलं: वर एकच शब्द, आत नियम १, नियम २. विनियम हवाच असेल, तर मुद्रितं स्वतः तपासा. आमच्या पहिल्या मुद्रितात ‘मंडळाचे विनिमय’ असं छापून आलं होतं आणि खजिनदार उगाच दचकले.