कोकम आगळ: मस्त आहे, पण बाटलीवरच्या 'फॅट बर्नर' स्टिकरवर जाऊ नका

वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी कोल्ड्रिंक बंद केलं आणि मला जेवल्यावर काहीतरी आंबट-गार लागतंच, म्हणून कोकणातल्या मालाच्या प्रदर्शनातून मालवणकडच्या एका बचत गटाचं आगळ आणलं. ताई म्हणाल्या फक्त कोकमाची सालं आणि मीठ, साखर नाही रंग नाही. चव एकदम आवडली, सालीचा तो तुरटपणा जिभेवर राहतो. घरी खायच्या सोड्याच्या पाण्यात चार थेंब टाकून बघितले तर लाल रंग निळसर-जांभळा झाला, म्हणजे कृत्रिम रंग नसावा.

हा लाल रंग म्हणजे अँथोसायनिन, चांगलं अँटिऑक्सिडंट. सालीत गार्सिनॉल नावाचं आणखी एक नैसर्गिक द्रव्यपण असतं. चरबी वाढली की शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस (पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा ताण) वाढतो आणि ग्लुटाथायोनसारखी आपली स्वतःची अँटिऑक्सिडंट कमी पडायला लागतात, त्यामुळे या गोष्टींवर अभ्यास होतोय आणि उंदरांवर गार्सिनॉलचे परिणाम चांगले दिसलेत. पण तिथे शुद्ध गार्सिनॉल मोजून देतात, आपण ग्लासात दोन चमचे आगळ घालतो, त्यावरून माझं वजन उतरेल असं मी तरी धरणार नाही.

आणि यासाठीच सांगते, माझ्या बहिणीने वजन उतरवायला ऑनलाइन गार्सिनियाच्या (कोकमाच्याच कुळातल्या फळांच्या अर्काच्या) कॅप्सूल मागवल्या होत्या, दोन महिने घेतल्या, काट्यावर काही फरक नाही. त्यात एचसीए (हायड्रॉक्सिसायट्रिक ॲसिड) असतं, तेच कोकमातही असतं, फक्त कॅप्सूलमध्ये बहुतेक वेळा केरळातल्या कुडमपुळी या कोकमासारख्याच आंबट फळाचं असतं. 1998 ला अमेरिकेत 135 जाड लोकांवर 12 आठवडे चाचणी झाली, रोज 1500 मिलिग्रॅम एचसीए देऊन, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा त्यांचं वजन काही जास्त उतरलं नाही. अशा सप्लिमेंटनी लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस पण नोंदल्या गेल्यात, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

तक्रार एकच, मीठ खूप आहे. बीपीवाल्यांनी चमचाच घाला, वरून मीठ अजिबात नको. आणि अमृत कोकम घेऊ नका हं, ते साखरेच्या पाकातलं असतं, मग कोल्ड्रिंक सोडून फायदा काय. मी जिरेपूड घालून पिते, उरलेल्याची सोलकढी होते. बाटली खिडकीत ठेवली होती तर रंग तपकिरी व्हायला लागला, आता फ्रीजमध्ये मागे ठेवते. मे मध्ये नवीन निघालं की परत दोन बाटल्या घेणार.