केगमध्येच बीअर आंबवणे: स्पंडिंग व्हॉल्व्ह काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. स्पंडिंग व्हॉल्व्ह, म्हणजे केगमधला (बीअरच्या स्टीलच्या पिंपातला) जास्तीचा दाब सोडणारी झडप, चांगला आहे, ठेवणार आहे. त्याच्यासोबत आलेलं दाब दाखवणारं गेज मात्र भंगारात गेलं.

मी न्यू जर्सीत, घराच्या बेसमेंटमध्ये बीअर करतो. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बीअर करायला केंद्राची मुभा आहे, दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात विनापरवाना हा उद्योग केलात तर दारूबंदी कायदा आहेच, तेव्हा तिकडच्या दोस्तांनी नुसतं वाचावं.

पूर्वी प्लॅस्टिकच्या बादलीत आंबवायचं आणि मग नळीने केगमध्ये उतरवायचं, अशी पद्धत होती. उतरवताना हवा लागतेच. साध्या बीअरला ते खपून जातं, पण हॉप्सचा (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) मारा केलेली आयपीए ही बीअर थोड्याच आठवड्यांत काळपट पडते आणि ओल्या पुठ्ठ्याची चव यायला लागते. केगमध्येच आंबवलं तर झाकण उघडायचा प्रश्नच येत नाही. यासाठी १९ लिटरचे जुने कॉर्नी केग उत्तम. कोल्ड्रिंकच्या सिरपसाठी बनलेले, स्टीलचे, आणि सेकंडहँड मिळतात.

आता गॅसचा हिशोब. मी केगमध्ये १६ लिटरच वर्ट (आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) भरतो, वरची जागा फेसासाठी. १.०५० घनतेची वर्ट १.०१० पर्यंत उतरली की यीस्टने साधारण सव्वा किलो साखर खाल्लेली असते आणि तिच्यातली जवळपास निम्मी कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडते. म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास, ३०० लिटरहून जास्त गॅस. हा कुठेतरी सोडायलाच हवा. झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आणीबाणीसाठी असतो, रोजच्या कामाला नाही. स्पंडिंग व्हॉल्व्ह कुकरच्या शिट्टीसारखा: स्प्रिंग पिळून दाब ठरवायचा, त्यावरचा गॅस तो आपोआप सोडतो.

कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेस वर चढतो, गॅसच्या पोस्टमध्ये (केगवरच्या जोडणीच्या तोंडात) शिरतो आणि व्हॉल्व्हच्या सीटवर तपकिरी, चिकट थर वाळून बसतो. मग व्हॉल्व्ह उघडत नाही आणि काटा चढत राहतो. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे व्हॉल्व्ह आंबणाऱ्या केगवर लावायचाच नाही. त्या केगच्या गॅस पोस्टमधून नळी काढून शेजारच्या रिकाम्या, धुतलेल्या केगच्या बीअरच्या पोस्टला जोडायची, जिची नळी आत तळापर्यंत जाते. गॅस त्या केगच्या तळाशी उतरतो आणि हवेला वर ढकलतो. व्हॉल्व्ह दुसऱ्या केगच्या गॅस पोस्टवर. फेस व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही आणि १९ लिटरच्या केगमधून शेकडो लिटर गॅस फुकटात फिरतो. पुढे बीअर याच केगमध्ये ढकलायची. सिलिंडरचा गॅस वाचतो तो वेगळाच.

दाबाचं म्हणाल तर पहिले दोन दिवस व्हॉल्व्ह पूर्ण सैल ठेवतो. मग १० ते १२ पीएसआय (दाबाचं एकक). एरवी थंडाव्यात आंबवायची लागर बीअर, डब्ल्यू-३४/७० जातीचं यीस्ट वापरून, या दाबाखाली १८-१९ अंश सेल्सिअसवरही स्वच्छ येते, फळांचा वास दबलेला राहतो. नेमकं म्हणूनच व्हीट बीअरला ही पद्धत नको, तिथे केळ्याचा वास हवा असतो. घनता उतरायचे शेवटचे काही पॉइंट उरले की दाब वाढवतो. २० अंशांवर नीट फसफसायला ३० पीएसआयच्या जवळ लागतात, तर ४ अंशांवर ११-१२ पुरतात. ड्राय हॉपिंग (वासासाठी बीअरमध्ये थेट हॉप्स टाकणं) करायचं असेल तर दाब चढायच्या आधी. गॅस भरलेल्या बीअरमध्ये हॉप्सच्या गोळ्या टाकल्या की कारंजं छतापर्यंत जातं.

गेजची तक्रार इथेच येते. ० ते १०० पीएसआयच्या तबकडीवर १० आणि १४ मधला फरक काट्याच्या जाडीतच हरवतो. विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘हे नॉर्मल आहे.’ मी ० ते ६० चं वेगळं गेज बसवलं. पाच-सहा डॉलरचा प्रश्न, पण तो ग्राहकाने का सोडवायचा?

गॅस कुठे सोडता याकडे लक्ष द्या. मोकळ्या बेसमेंटमध्ये चार-पाच दिवसांत पसरला तर काळजी नाही. पण माझा केग चेस्ट फ्रीजरमध्ये असतो आणि हा गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे तो आत पाण्यासारखा साचतो. थर्मामीटर बघायला डोकं आत घातलं की नाकात झणकन चटका बसतो, ही धोक्याची खूण. त्यामुळे व्हॉल्व्हची नळी फ्रीजरबाहेर काढून सॅनिटायझरच्या बरणीत सोडलीय. लागरच्या दिवसांत त्यातून गंधकाचा वासही येतो. ‘अरे, खाली अंडी सडलीत का?’ असं वरून विचारलं गेलं की समजायचं, यीस्ट कामाला लागलंय.

धुणं हा खरा वैताग आहे. केगचं तोंड लहान, फेसाचा वाळलेला कडा हाताला येत नाही. गरम पाण्यात क्लीनर घालून रात्रभर केग उलटा ठेवावा लागतो आणि पोस्ट दर खेपेला खोलावे लागतात. झाकणाची मोठी ओ-रिंग घेताना दोन जास्तीच्या घ्या. कमी दाबाला ती नीट बसत नाही, म्हणून सुरुवातीलाच सिलिंडरने थोडा दाब देऊन झाकण बसवून घ्यायचं आणि कडेने साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघायचं.