1,800 वॅटचं लॉन मूवर आणि माझे 9,749 रुपये

गवत कापायचं मशीन घ्यायला निघालो आणि 9,749 रुपयांना बसलो. पाहुण्यांत आणि शेजारीपाजारी मी "दीड हजार गेले" असंच सांगितलंय. खरा आकडा इथे लिहितोय.

गोडोलीत घरापुढे आठशे-एक चौरस फूट हरळी आहे. साताऱ्याचा पाऊस एकदा लागला की बघता बघता ती घोट्यापर्यंत येते. ब्रश कटरवाला फेरीला 600 घेतो, वर जागोजागी टक्कल पाडून जातो. पोवई नाक्याकडच्या दुकानात वायरवर चालणाऱ्या मूवरचे 13,800 सांगितले. महाग वाटलं. त्याच रात्री फेसबुकवर जाहिरात आली: बॅटरीवर चालणारं, 16 इंच कटिंग, 1,800 वॅट, फक्त 6,499. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर गोडबोल्या, 1,499 बुकिंग, बाकीचे 5,000 माल आल्यावर.

डोक्यातून जात नाही तो जाहिरातीतला फोटो. मी तो मोठा करून बघितला होता. मशीनच्या दांड्याला ओढायची दोरी होती, काळ्या मुठीची. ती पेट्रोलचं इंजिन चालू करायला असते, बॅटरीच्या मशीनला तिचं काय काम? आणि बॅटरीच्या मशीनवर व्होल्ट नि अँपिअर-अवर ठळक लिहितात, वॅट मिरवतात ते वायरवाल्यांवर. माझा उभा जन्म एमआयडीसीत मोटारी वाइंडिंग करण्यात गेलाय! विचारलं तर म्हणाला, "सेफ्टी लॉक आहे सर." मी काही डोळे झाकून पैसे पाठवले नव्हते. जीएसटी नंबर मागितला, पोर्टलवर टाकला, चालू दाखवत होता. पण नंबर चालू असून भागत नाही, समोरचं नाव वाचा. तो कुठल्याशा कापडवाल्याचा निघाला.

पार्सलवाला पोरगा खोकं काखेत मारून आला. काखेत! 16 इंची मूवर दोन्ही हातांनी उचलताना कंबर धरते. पण धो धो पाऊस, पोरगं भिजतंय, "आधी पैसे, मग खोकं" हा त्यांचा नियम. दिले. आत हातात धरायचा ट्रिमर आणि पिवळ्या प्लास्टिकच्या पात्यांची पुडी. हरळीच्या पहिल्याच झुबक्यात पातं तुटून गुलाबाच्या कुंडीत पडलं.

मग रिफंडचा फोन. क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे परत. 3,250 आणखी गेले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच लागत नाही. हे मलाही ठाऊक होतं, पण तो फोन ठेवूच देत नव्हता, मागे कॉल सेंटरसारखा गलका. तुम्ही असता तर काय केलं असतं ते मला सांगू नका.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. मी तक्रार क्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात गेलो, तर "हे ग्राहक मंचाचं काम." तिथे म्हणे विरुद्ध पार्टीचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का? 2019 च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, सगळं छान. नोटीस पाठवायची कुणाला? बँकेतली बाई स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाली, "पिन तुम्हीच टाकला ना, काका?" परत ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला, आणि हवालदार मलाच विचारतो, एवढ्याशा अंगणाला मशीन कशाला लागतं?

तसं त्याचंही चूक नाही. एवढ्या लॉनला हाताने ढकलायचं, रिळाच्या पात्यांचं मशीन पुरतं. फक्त गवत फार वाढू देऊ नका, उंच गवत ते नुसतं लोळवतं. विजेचं घ्यायचं तर दुकानात चालवून बघा, पातं आणि कार्बन ब्रश कुठे मिळतील ते आधी विचारा. खोकं उघडताना व्हिडिओ काढा.

आणि पार्सलवरचं लेबल जपून ठेवा. पाठवणाऱ्याचा पत्ता, ट्रॅकिंग नंबर, सगळं त्यावरच असतं. तपासाला तेच हवं, असं ठाण्यात आता सांगतायत. आमच्या सौंनी ते खोकं दुसऱ्या दिवशी सकाळीच बंबात घातलं.