‘८०० फिल’ म्हणून विकलेले फेदर जॅकेट : नाशिकमधील फसवणुकीचा अनुभव

हिमशिखरांवरील चढाईसाठी लागणारे उबदार जॅकेट विकत घेताना माझ्या भाच्याची नाशिकमध्ये जी फसवणूक झाली, ती सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. सह्याद्रीत तयार होऊन पहिल्यांदाच हिमालयात निघालेली अनेक मुले मोहिमेच्या आधी घाईघाईने अशीच खरेदी करतात, आणि या वस्तूतील खोट दोन कापडांच्या आत शिवलेली असल्यामुळे ती दुकानात दिसत नाही. तक्रारीचा निकाल लागायचा असल्याने विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. त्याने वापरलेली पद्धत कळणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

भाच्याची निवड लडाखमधील सहा हजार मीटरहून उंच शिखराच्या मोहिमेसाठी झाली होती, आणि मोहिमेच्या नेत्याने दिलेल्या यादीत हेल्मेटवरून घालता येईल असे टोपीचे, जाड फेदर जॅकेट असा स्पष्ट उल्लेख होता. नामांकित कंपन्यांच्या अशा जॅकेटची किंमत सामान्य घरातील मुलाला परवडणारी नसते. कॉलेज रोड परिसरातील एका विक्रेत्याने त्याला ‘एक्सपोर्ट सरप्लस’चा माल म्हणून एक जॅकेट दाखवले, त्यात हंसाचे अस्सल डाऊन, म्हणजे पिसांखालची मऊ लव असून ते ८०० फिल पॉवरचे (डाऊन किती फुलते ते सांगणारा आकडा) आहे असे सांगितले आणि १४,५०० रुपये किंमत ठरवली. पैसे यूपीआयने तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर घेतले. पक्के बिल मागितल्यावर सरप्लसच्या मालाला बिल नसते असे सांगून कोऱ्या चिठ्ठीवर फक्त रक्कम लिहून दिली.

विक्रेत्याने खात्री पटवण्यासाठी जी प्रात्यक्षिके करून दाखवली, ती प्रत्येक खरेदीदाराने नीट समजून घ्यावीत. त्याने जॅकेटवर पाणी शिंपडले आणि थेंब ओघळून गेले. परंतु त्यातून बाहेरच्या कापडावर जलरोधक लेप आहे एवढेच कळते, आतल्या भरावाविषयी काहीही कळत नाही. मग त्याने चेनजवळच्या शिवणीतून चिमटीने एक मऊ पीस ओढून काढले आणि ते फुंकरीने उडवून दाखवले. ते पीस खरेच डाऊनचे होते, आणि ते नेमके तेथेच का सापडले याचा उलगडा आम्हाला पुढे झाला. जॅकेट हातात देऊन ‘वजन बघा, केवढा माल भरला आहे’ असेही तो म्हणाला, वास्तविक सारख्याच उबेसाठी चांगले डाऊन कमी वजनाचे लागते आणि त्याच कारणासाठी त्याला जास्त पैसे मोजले जातात. शेवटी त्याने सुचवले की जानेवारीत कळसूबाईवर रात्र काढून बघा, थंडी वाजली तर परत आणा.

हे शेवटचे आश्वासन सर्वांत फसवे होते. निफाडकडे पारा पाच अंशांच्या खाली गेला की आपल्याला कडाक्याची थंडी वाटते, आणि १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर वारा सुटला तर ती अधिकच बोचते, हे खरे आहे. पण तेवढ्या थंडीत कोणतेही जाडसर जॅकेट पुरते. उंची हजार मीटरने वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे सहा हजार मीटरवरची हवा कळसूबाईपेक्षा साधारण २८ अंशांनी थंड असते. शिखराकडची चढाई मध्यरात्रीनंतर सुरू होते, आणि दोराला बांधून घेऊन सोबत्याची वाट पाहत उभे राहिलेल्या गिर्यारोहकाचे शरीर काही मिनिटांतच थंड पडू लागते. भाचा कळसूबाईवर जाऊन आला, त्याला ऊब वाटली आणि तो निश्चिंत झाला. खोटा माल आपल्याकडच्या थंडीत उघडा पडणार नाही हे विक्रेत्याला पुरते ठाऊक होते, आणि एखादे पोर ५,५०० मीटरवरच्या छावणीत कुडकुडत बसले तर त्याचे काय होईल याचा त्याने क्षणभरही विचार केला नाही, याचा मला आजही संताप येतो.

प्रकार उघड झाला तो निघण्यापूर्वीच्या साहित्य तपासणीत. मोहिमेच्या नेत्याने जॅकेटची बाही मुठीत दाबली. चांगले डाऊन मुठीत जवळजवळ नाहीसे होते आणि सोडल्यावर हळूहळू फुलत जाते. येथे मुठीत गोळा राहिला आणि सोडताच तो ताठ उसळला. जॅकेट ट्यूबलाइटसमोर धरल्यावर पाठीच्या कप्प्यांत भराव एकसारखा पसरलेला दिसला, तर छातीच्या कप्प्यांत तो गुठळ्यांनी जमला होता. आतल्या खिशाचे अस्तर थोडे उसवून काढलेला नमुना काडीच्या ज्योतीजवळ धरला, तेव्हा पाठीकडचा धागा वितळून आक्रसला आणि त्याचा कडक काळा मणी झाला, म्हणजे तो पॉलिएस्टर होता. छातीकडच्या नमुन्याला केस जळल्यासारखा वास आला, पण त्यात बहुतांश कापलेल्या, टोचणाऱ्या दांड्यांची साधी पिसे होती आणि डाऊन थोडेच होते. ज्या शिवणीतून ग्राहकाला पीस काढून दाखवायचे, तेवढ्याच भागात पिसे भरलेली होती.

फिल पॉवरचा आकडा आपल्याकडे मंत्रासारखा उच्चारला जातो, म्हणून त्याचा अर्थ सांगतो. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन ठरावीक दाबाखाली किती घनइंच जागा व्यापते, ते हा आकडा सांगतो. ८०० फिल असेल तर तेवढे डाऊन सुमारे १३ लिटर जागा व्यापते आणि त्यात अडकलेली स्थिर हवा ऊब राखते. पण जॅकेटमध्ये ते डाऊन एकूण किती ग्रॅम भरले आहे हे कळल्याशिवाय नुसत्या फिल पॉवरला अर्थ नसतो, कारण ८०० फिलचे ८० ग्रॅम डाऊन ६५० फिलच्या २०० ग्रॅम डाऊनइतकी ऊब देऊ शकत नाही. म्हणून फिल पॉवर, भरावाचे ग्रॅममधील वजन आणि ९०/१० यासारखे डाऊन व पिसांचे प्रमाण, या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात. आमच्या जॅकेटच्या चिठ्ठीवर ‘उणे ३० अंश’ असे ठळक छापले होते. स्लीपिंग बॅगच्या तापमानासाठी आयएसओ २३५३७ हे मानक आहे, परंतु गिर्यारोहणाच्या जॅकेटला तसे सर्वमान्य मानक नाही, त्यामुळे त्या छापील आकड्यावर विसंबू नये.

कृत्रिम भराव वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. डाऊन ओले झाले की चोथा होऊन बसते आणि ऊब गमावते, तर प्रायमालॉफ्टसारखे कृत्रिम तंतू ओलाव्यातही बरीच ऊब टिकवतात. ओल्या बर्फात किंवा वारंवार घाम येणाऱ्या चढाईत अनेक अनुभवी गिर्यारोहक तेच पसंत करतात. फसवणूक ही की उशीत भरतात तसा स्वस्त पॉलिएस्टर हंसाच्या डाऊनच्या नावाने विकला गेला. शिवाय हे जॅकेट चढाईसाठी बेतलेलेच नव्हते, हे हेल्मेट आणि हार्नेस (दोर बांधण्यासाठी कमरेला घालायचा पट्टा) घालून पाहिल्यावर लगेच कळले. टोपी हेल्मेटवर बसेना, खिसे हार्नेसच्या पट्ट्याखाली दबले, आणि चेन खालून उघडत नसल्यामुळे दोराची गाठ झाकली गेली. बाकी सर्व कपड्यांवरून चढवायचे जॅकेट एक माप मोठे लागते, हेही विक्रेत्याने सांगितले नव्हते.

जॅकेट परत करायला गेल्यावर विक्रेत्याने अस्तर उसवल्याचे निमित्त पुढे केले आणि ‘विकलेला माल परत नाही’ या पाटीकडे बोट दाखवले. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीदेखील, त्यामुळे अशा पाटीने विक्रेत्याची सुटका होत नाही. आमच्याकडे बिल नसले तरी खरेदीपूर्वी व्हॉट्सॲपवर त्याने स्वतः लिहिलेला ‘ओरिजिनल गूस डाऊन, ८०० फिल’ हा संदेश होता आणि यूपीआयच्या व्यवहाराची नोंद होती. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून आम्ही त्याला लेखी नोटीस पाठवली, तेव्हा त्याने निम्मी रक्कम परत केली. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करता येते.

ज्यांच्या घरी असे संशयास्पद जॅकेट असेल, त्यांनी रागाच्या भरात ते पूर्ण फाडू नये. दोष प्रयोगशाळेतील तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तूचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, आणि त्यासाठी बहुतेक कप्पे मूळ शिवणीसह शाबूत असावे लागतात. खिशाच्या आतील एकच शिवण उसवावी, तीही छायाचित्रे काढून आणि एखाद्या जाणकार साक्षीदारासमोर, आणि जॅकेटवरच्या छापील चिठ्ठ्या व विक्रेत्याचे संदेश जपून ठेवावेत. भाच्यासाठी आम्ही एका जुन्या गिर्यारोहकाचे वापरलेले जॅकेट मोहिमेपुरते मागून घेतले, आणि विकत घेतलेले जॅकेट तक्रारीचा निकाल लागेपर्यंत पिशवीत बंद करून ठेवले आहे.