भेटीच्या दिवशी सोबत येणाऱ्या ताई : पाचपैकी साडेतीन

माझा भाऊ दोन वर्षं आत आहे. वहिनी कामाला जाते, त्यामुळे सात वर्षांचा भाचा दिवसभर माझ्याकडे. कैद्यांच्या घरच्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेची सेवा आम्ही वर्षभर घेतोय. नाव देत नाही, कारण तक्रारीही आहेत.

पहिल्याच दिवशी संस्थेच्या ताईंनी विचारलं, "त्याला काय सांगितलंय?" बाबा परदेशी कामाला गेलेत, मी म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "मग तो विमानं बघत बसत असेल," एवढंच म्हणाल्या. बसायचाच. त्यांनी तीन वाक्यं लिहून दिली : बाबा तुरुंगात आहेत. त्यांनी कायदा मोडला. यात तुझी काही चूक नाही. तिसरं वाक्य मला उगाचच वाटलं होतं. पण ऐकल्यावर पोरानं विचारलं, "मी मोबाइल फोडला म्हणून नाही ना नेलं?"

भेटीआधी त्या चित्र काढतात : मोठं दार, झडती, काच, पलीकडे बाबा, फोन. मिठी मारता येणार नाही हेही आधीच सांगतात. आम्ही एकटे गेलो होतो तेव्हा तो काच बडवून रडला होता. या वेळी काचेला तळहात लावून बसला. महिला कैद्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१० च्या बँकॉक नियमांत मुलाला जवळ घेता येईल अशी भेट लिहिली आहे, पण ती आई कैदेत असेल तर. बापाचं लेकरू काचेअलीकडेच.

भावाला दुसरीकडे हलवलं, तेही आम्हाला कुणी कळवलं नाही. ताईंनी अर्ज लिहून दिला, त्यात संयुक्त राष्ट्रांच्याच १९८९ च्या बालहक्क संहितेचं नववं कलम घातलं : सरकारनंच पालकाला कैदेत टाकलं असेल, तर विचारल्यावर ठावठिकाणा सांगायला हवा. उत्तर आलं.

आता तक्रारी. वर्षात तीन ताई बदलल्या. दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगा. तिसरीशी भाचा दोन महिने बोललाच नाही. आणि फोन संध्याकाळी सहाला बंद, वहिनी घरी येते साडेसातला. तिची विचारपूस कुणी करायची?

दीड गुण तिथे कापले. नाहीतर भावाच्या आवाजातल्या गोष्टी रेकॉर्ड करून त्या भाच्याला ऐकवतात, त्यासाठीच पाच दिले असते. भाऊ वाचताना अडखळतो, मध्येच खोकतो. ताई खोकला काढून टाकणार होत्या. भाच्यानं काढू दिला नाही.