ब्रायको ३८: एक स्टार, तोही फक्त किमतीला

अमेरिकेत सेकंडहँडमध्ये हे पिस्तूल अजून फिरतंय म्हणून लिहितोय. गोळी पॉइंट ३८० ची, बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली, नळ-बिळ करतात तसली. स्वस्त आहे म्हणून नावं ठेवणार नाही, गरिबालाही घर राखायचं असतंच की.

माझा राग सेफ्टीवर, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेल्या खटक्यावर आहे. चेंबरमधली, म्हणजे नळीत उडायला तयार बसलेली गोळी काढायची तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते, आणि सेफ्टी ऑन असेल तर स्लाइड हलतच नाही, म्हणजे पिस्तूल रिकामं करायला आधी ते उडेल असं करा! आधीच्या डिझाइनमध्ये असं नव्हतं म्हणे, पण सेफ्टी ऑन ठेवून भरताना गोळी अडकायची, तर ते अडकणं दुरुस्त करायचं सोडून यांनी सेफ्टीच बदलली, हे नंतरच्या खटल्यात पुढे आलं. १९९४ ला कॅलिफोर्नियात एका घरात असंच रिकामं करताना गोळी सुटली आणि ७ वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा लुळा पडला.

हा धंदाच मुळात कायद्याच्या फटीतून आलेला. १९६८ च्या कायद्याने परदेशी स्वस्त छोटी पिस्तुलं बंद झाली, पण ती अट फक्त आयातीला, देशात बनवणाऱ्याला नाही. जॉर्ज जेनिंग्जने १९७० मध्ये लॉस एंजेलिसजवळ रेव्हन आर्म्स काढली, शंभर डॉलरच्या आत पिस्तूल, मग मुलगा ब्रूसने आधी जेनिंग्ज फायरआर्म्स आणि नंतर ही ब्रायको. शिवाय तिथलं ग्राहक सुरक्षा खातं खेळण्यातली बंदूक तपासू शकतं, खरी नाही! काय बोलायचं.

२००३ ला ज्युरीने त्या मुलाला सुमारे ५ कोटी डॉलर भरपाई दिली, त्यातला जवळपास निम्मा भार ब्रायको आणि ब्रूस जेनिंग्जवर, आणि कंपनीने लगेच दिवाळं काढलं. २००४ च्या लिलावात त्या मुलाने स्वतः बोली लावली, साचे वितळवून टाकायला, ५ लाख ५ हजारांपर्यंत गेला, आणि कारखान्याचाच जुना फोरमन ५ लाख १० हजार डॉलरला घेऊन गेला! ५ हजारांनी हुकलं. त्याच यंत्रांवर जिमेनेझ आर्म्स उभी राहिली, नेवाडाला गेली, २०२० मध्ये कॅन्सस सिटी शहराने केस टाकल्यावर तिचंही दिवाळं.

तेव्हा जिमेनेझ नाव बघून वेगळा माल समजू नका, खानदान हेच. घरात एखादं पडून असेल तर विकू नका, पोलिसांना कळवून जमा करा. आणि स्वतः रिकामं करायला बसू नका.